गयानाचे श्रीदत्त रामफल: मत नसलेला सरचिटणीस काय करू शकतो?

जॉर्जटाउन हे नाव मराठी क्रिकेटप्रेमींना एका शतकामुळे ठाऊक आहे. मार्च १९७१ मध्ये तिथल्या बोर्डा मैदानावर सुनील गावसकरांनी ११६ धावा केल्या आणि कसोटीतलं त्यांचं पहिलं शतक नोंदलं गेलं. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या आणि बांधांच्या आधाराने तग धरलेल्या या शहरात त्या वेळी परराष्ट्र खातं सांभाळत होते बेचाळीस वर्षांचे वकील श्रीदत्त रामफल. मित्रमंडळी आणि पुढे सगळं जग त्यांना ‘सनी’ म्हणे. देशाची लोकसंख्या जेमतेम सात लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्या देशातून निघालेला हा माणूस चार वर्षांनी राष्ट्रकुलाचा सरचिटणीस झाला, सलग पंधरा वर्षं त्या पदावर राहिला आणि झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यापासून दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांपर्यंत अनेक मोठ्या प्रश्नांत त्याने हात घातला.

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा भाषणं, ठराव, हस्तांदोलनाचे फोटो एवढंच दिसतं. या संस्थांचे अधिकारी दिवसभर नेमकं करतात काय, आणि ज्यांच्या पाठीशी मोठा देश नाही त्यांचं तिथे कोण ऐकतं, हे सहसा कुणी सांगत नाही. रामफल यांच्या कारकिर्दीतून ते चांगलं समजतं, म्हणून हा लेख.

आधी पदाबद्दल. राष्ट्रकुल म्हणजे मुख्यतः ब्रिटिश साम्राज्यातून बाहेर पडलेल्या देशांची संघटना. लंडनमधल्या मार्लबरो हाऊसमध्ये तिचं सचिवालय आहे. तिथला सरचिटणीस हे सगळ्या सदस्य देशांनी मिळून नेमलेलं माणूस. त्याच्या हाताखाली सैन्य नाही, सुरक्षा परिषदेसारखी बंधनकारक ठराव करणारी यंत्रणा नाही, आणि बैठकीत त्याला मतही नाही. आपल्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी डोळ्यांसमोर आणा. बिल्डिंग त्याच्या मालकीची नसते, निर्णय सभासद घेतात. पण विषयपत्रिका कोण काढतं, ठरावाचा मसुदा कोण लिहितं, सभेआधी चौथ्या मजल्यावरच्या रुसलेल्या काकांची समजूत कोण घालतं? सेक्रेटरी कामाचा असेल तर सभा सुरू होण्याआधीच निम्मं प्रकरण मिटलेलं असतं.

राष्ट्रकुलाची आणखी एक खासियत आहे. तिथे मतदान होत नाही. सगळे देश चर्चा करतात आणि सहमती झाली तर ती संयुक्त निवेदनात लिहिली जाते. म्हणजे सगळ्या सदस्यांना पटेल आणि कुणालाच अपमान वाटणार नाही असं वाक्य शोधण्यावर सगळं येऊन थांबतं. असं वाक्य शोधायला कसलेला वकील लागतो, आणि रामफल तसे होते. (सदस्य तेव्हा चाळीस-पन्नासच होते. पण एकेक पंतप्रधान पाच जणांना भारी असतो.)

ऊसमळ्यांपासून ग्रेज इनपर्यंत

रामफल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९२८ चा, तेव्हाच्या ब्रिटिश गयानातल्या न्यू ॲमस्टरडॅम या गावचा. घराणं गिरमिटियांचं. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३८ पासून १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय करारावर गयानाला नेले गेले. बहुतेक जहाजं कलकत्त्याहून निघाली, थोडी मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले मराठी गिरमिटिये मुख्यतः मॉरिशसला पोहोचले, त्यामुळे मॉरिशसमध्ये आजही मराठी वस्ती आहे आणि गयानात ती दिसत नाही.

वडील शिक्षक होते, त्यांनी जॉर्जटाउनमध्ये शाळा चालवली. मुलगा कायदा शिकायला लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेला आणि १९५१ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला. परतल्यावर वसाहतीच्या सरकारात सरकारी वकील म्हणून नोकरी. इथपर्यंत वाट त्या काळातल्या कुठल्याही हुशार वसाहती तरुणाची. त्यांना वेगळ्या दिशेला नेलं ते एका फसलेल्या प्रयोगाने.

जानेवारी १९५८ मध्ये कॅरिबियनमधल्या दहा ब्रिटिश वसाहतींनी मिळून ‘वेस्ट इंडिज फेडरेशन’ स्थापन केलं. कल्पना सरळ होती. वेगवेगळे राहिलो तर प्रत्येक जण चिमुकला, एकत्र आलो तर एक देश. ब्रिटिश गयाना त्यात सामील झाला नाही, पण रामफल स्वतः तिकडे गेले. कायद्यांचे मसुदे करणारे अधिकारी आणि नंतर सहायक ॲटर्नी जनरल म्हणून त्यांनी फेडरेशनसाठी काम केलं. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स तेव्हा म्हणाले की दहातून एक गेला की शून्य उरतं, आणि त्यांनीही काढता पाय घेतला. मे १९६२ अखेर फेडरेशन विसर्जित झालं. वेस्ट इंडिजचा क्रिकेट संघ तेवढा एक राहिला.

माझ्या मते रामफल यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. छोटे देश एकत्र आले नाहीत तर त्यांना कुणी विचारत नाही, हे त्यांना आधीही माहीत होतं. पण एकत्र येणं भावनेच्या भरात टिकत नाही, कोण किती देणार आणि कुणाला काय मिळणार हे कागदावर पक्कं असावं लागतं, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. पुढे जिथे जिथे ते गेले तिथे त्यांनी आधी गट बांधला आणि मग मसुदा लिहिला.

साखरेचा करार

१९६५ मध्ये ते ॲटर्नी जनरल म्हणून मायदेशी परतले. नव्या देशाच्या राज्यघटनेचं काम त्यांच्याकडे होतं. २६ मे १९६६ रोजी गयाना स्वतंत्र झाला, आणि थोड्याच काळात परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९७२ मध्ये गयाना, बार्बाडोस, जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो या चौघांनी एकाच दिवशी क्युबाशी राजनैतिक संबंध जोडले. अमेरिकेची नाराजी एकट्याने अंगावर घेण्यापेक्षा चौघांनी मिळून घ्यायची, हा हिशेब त्यामागे स्पष्ट दिसतो. १९७३ मध्ये चागुआरामसच्या करारातून ‘कॅरिकॉम’ ही कॅरिबियन देशांची संघटना उभी राहिली आणि तिचं मुख्यालय जॉर्जटाउनला आलं.

खरी कसोटी लागली ती युरोपशी वाटाघाटी करताना. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झालं. तोवर कॅरिबियनची साखर ठरलेल्या भावाने ब्रिटनला जात होती, आणि तो जुना करार १९७४ अखेर संपणार होता. ज्या देशांचं पोट साखरेवर आहे त्यांच्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न. उसाच्या दराचं राजकारण रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

युरोपची सोय अशी होती की प्रत्येक प्रदेशाशी वेगळं बोलावं. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांचे युरोपशी आधीपासून करार होते आणि इंग्रजी बोलणारे आफ्रिकी देश आपल्या वाट्यात येतील अशी धास्ती त्यांना होती. कॅरिबियन देश दूरचे आणि पॅसिफिकमधली बेटं त्याहून दूरची. यांना एका बाजूला बसवून एका तोंडाने बोलायला लावणं हे काम ज्यांनी केलं त्यांत रामफल पुढे होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे ४६ देशांनी युरोपच्या ९ देशांशी करार केला. त्यांच्या बहुतेक मालाला युरोपात करमुक्त प्रवेश मिळाला आणि बदल्यात युरोपच्या मालाला तशीच सवलत देण्याची सक्ती नव्हती. निर्यातीचे भाव कोसळले तर भरपाईची तरतूद झाली. साखरेसाठी वेगळा मसुदा झाला, त्यात ठरावीक साखर हमीभावाने घेण्याचं बंधन युरोपने स्वीकारलं. ती साखरव्यवस्था २००९ पर्यंत चालली.

याच वाटाघाटींतून ते आफ्रिकी नेत्यांच्या नजरेत भरले. मे १९७५ मध्ये जमैकातल्या किंग्स्टन इथे राष्ट्रकुलाची शिखर परिषद भरली आणि तिथे त्यांची सरचिटणीस म्हणून निवड झाली. आधीचे सरचिटणीस आर्नोल्ड स्मिथ कॅनडाचे होते. आशिया, आफ्रिका, कॅरिबियन या भागांतून आलेले रामफल पहिलेच.

लुसाका, १९७९

ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचा, प्रश्न तेव्हा पेटलेला होता. लोकसंख्येत चार-पाच टक्के असलेल्या गोऱ्यांच्या सरकारने, इयान स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली, १९६५ मध्ये परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. बहुसंख्य काळ्या जनतेला सत्तेत वाटा मिळू नये, हाच त्यामागचा हेतू. मुगाबे आणि एन्कोमो यांच्या संघटना जंगलातून लढत होत्या. एप्रिल १९७९ मध्ये स्मिथ यांनी तडजोडीची निवडणूक घेऊन बिशप मुझोरेवा या काळ्या नेत्याला पंतप्रधान केलं, पण सैन्य, पोलीस, न्यायव्यवस्था गोऱ्यांच्याच हाती राहिली. मे महिन्यात मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या आणि त्या मुझोरेवा सरकारला मान्यता देतील अशी चिन्हं होती.

ऑगस्टमध्ये झांबियाच्या लुसाका शहरात राष्ट्रकुलाची परिषद होती. आफ्रिकी देश चिडलेले, ब्रिटनचे अधिकारी सावध, आणि शेजारीच युद्ध चालू. रामफल यांनी इथे जे केलं ते सरचिटणीसाच्या कामाचा उत्तम नमुना आहे. भर सभेत आरोप-प्रत्यारोप झाले असते तर थॅचर मागे हटल्या नसत्या. म्हणून प्रश्न एका छोट्या गटाकडे गेला: थॅचर आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन, झांबियाचे काउंडा, टांझानियाचे न्येरेरे, ऑस्ट्रेलियाचे फ्रेझर, जमैकाचे मॅनली, नायजेरियाचे प्रतिनिधी, आणि स्वतः रामफल. माणसं नीट पाहा. आफ्रिकेतले वजनदार नेते न्येरेरे आत होते. ऑस्ट्रेलियाचे फ्रेझर थॅचर यांच्यासारखेच उजव्या पक्षाचे, पण वर्णद्वेषाचे कट्टर विरोधक. त्यांचं म्हणणं ‘आफ्रिकी देशांचा हट्ट’ म्हणून उडवून लावता येत नव्हतं.

या गटाने थोड्याच ओळींचा मजकूर तयार केला. खरं बहुमताचं राज्य हे सगळ्यांचं ध्येय. सध्याच्या घटनेत दोष आहेत. स्वातंत्र्य देण्याची घटनात्मक जबाबदारी ब्रिटनची. सगळ्या पक्षांना बोलावून परिषद घ्यायची. निवडणूक ब्रिटनच्या देखरेखीखाली आणि राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांसमोर होईल. प्रत्येकाला यात आपलं काही ना काही सापडलं. जबाबदारी ब्रिटनची म्हटल्याने थॅचर यांचा मान राहिला. घटनेत दोष आहेत असं म्हटल्याने मुझोरेवा सरकारला लगोलग मान्यता देण्याचा रस्ता बंद झाला.

पुढची परिषद लंडनमध्ये लँकेस्टर हाऊसला सप्टेंबर ते डिसेंबर १९७९ चालली. अध्यक्ष कॅरिंग्टन होते आणि राष्ट्रकुल सचिवालयाला टेबलावर जागा नव्हती. पण मार्लबरो हाऊस तिथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. बाहेरगावच्या प्रतिनिधींचं येणं-जाणं तिकडे चालू राहिलं आणि रामफल राष्ट्रकुलातल्या इतर देशांच्या उच्चायुक्तांना रोजची खबर देत राहिले. ऑक्टोबरमध्ये जमिनीच्या प्रश्नावर बोलणी मोडायला आली. सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांकडे होती आणि ब्रिटनच्या मसुद्याप्रमाणे ती पुरेशी भरपाई दिल्याशिवाय घेता येणार नव्हती. नवा गरीब देश एवढे पैसे आणणार कुठून? मुगाबे आणि एन्कोमो उठून जाण्याच्या बेतात होते. तेव्हा रामफल यांनी लंडनमधले अमेरिकी राजदूत किंगमन ब्रूस्टर यांना गाठलं, आणि जमीन खरेदीसाठी अमेरिकाही आर्थिक हातभार लावेल असं आश्वासन वॉशिंग्टनमधून मिळवलं. आकडा कुणी सांगितला नाही. बोलणी मात्र पुढे सरकली. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीवर राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनी नजर ठेवली, त्यांचे अध्यक्ष होते भारताचे राजेश्वर दयाळ. १८ एप्रिल १९८० ला झिम्बाब्वे स्वतंत्र झाला.

आकडा न ठरल्याची किंमत पुढे झिम्बाब्वेने मोजली. जमिनीचा प्रश्न वीस वर्षं कुजत राहिला आणि २००० च्या सुमारास हिंसक जप्त्यांच्या रूपाने बाहेर आला. मोघम वाक्याने युद्ध थांबतं आणि त्याच मोघमपणातून पुढचं भांडण उगवतं, हे या कामातलं कायमचं दुखणं आहे. तरीही १९७९ मध्ये युद्ध चालू ठेवण्यापेक्षा तो मोघम शब्द बरा होता, असंच मला वाटतं.

गोव्यातली ती बैठक

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलाची परिषद दिल्लीत भरली, यजमान इंदिरा गांधी. या परिषदांची एक पद्धत १९७३ पासून पडली होती. मधल्या शनिवार-रविवारी सगळे राष्ट्रप्रमुख आपापले अधिकारी मागे ठेवून एखाद्या निवांत जागी जायचे. त्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. त्या वर्षी ही जागा होती गोवा. आग्वाद किल्ल्याजवळच्या टेकडीवर खास या पाहुण्यांसाठी बंगले बांधले गेले, ते आजही हॉटेल म्हणून चालू आहेत. गोव्यातून निघालेलं आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं निवेदन ‘गोवा जाहीरनामा’ म्हणून नोंदलं गेलं.

पण त्या परिषदेवर सावट होतं ते ग्रेनाडाचं. कॅरिबियनमधलं हे बेट ३४४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याएवढंही नाही. १९ ऑक्टोबरला तिथले पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच पक्षातल्या बंडखोरांच्या बाजूच्या सैनिकांनी ठार केलं आणि २५ तारखेला अमेरिकी सैन्य उतरलं. जमैका, बार्बाडोस, डॉमिनिका अमेरिकेच्या बाजूने, तर त्रिनिदाद, गयाना, बेलीझ विरोधात. ज्या कॅरिबियन एकीसाठी रामफल यांनी आयुष्य घातलं तीच महिन्याभरापूर्वी दुभंगलेली. अनेक आफ्रिकी देशांना कडक निषेध हवा होता. ब्रिटनच्या राणी ग्रेनाडाच्याही राष्ट्रप्रमुख असल्याने आणि आपल्याला नीट विश्वासात न घेतल्याने थॅचरही नाराज होत्या.

संयुक्त निवेदनात दोष कुणाचा यावर वाद उकरण्याऐवजी ग्रेनाडाची घडी पुन्हा कशी बसवायची यावर भर दिला गेला. आणि त्यापुढे जाऊन एक प्रश्न विचारला गेला: ज्याची लोकसंख्या लाखाच्या आसपास, त्याने स्वतःचं रक्षण करायचं कसं? छोट्या देशांच्या अडचणींचा अभ्यास करण्याचं काम सरचिटणीसांकडे सोपवलं गेलं. त्यातून १९८५ चा अहवाल आला. छोटा देश म्हणजे मोठ्या देशाची लहान आवृत्ती नव्हे, हा त्याचा गाभा. एका वादळात वर्षाचं उत्पन्न जातं, एका पिकाचा भाव पडला तर तिजोरी रिकामी होते, भाडोत्री सैनिकांची एक टोळी सरकार उलथवू शकते. मदतीचे निकष दरडोई उत्पन्नावर ठरतात आणि ही असुरक्षितता त्यात मोजलीच जात नाही. आज हवामानबदलाच्या परिषदांमध्ये बेटं जी भाषा बोलतात, तिची बरीचशी मांडणी तिथे सापडते. समुद्राची पातळी वाढण्यावरही रामफल यांच्याच काळात, १९८९ मध्ये, राष्ट्रकुलाने तज्ज्ञांचा अहवाल काढून घेतला. भांडण मिटत नसेल तर त्याचं अभ्यासात रूपांतर करायचं, ही अनेकदा वेळ मारून नेण्याची युक्ती असते. इथे तसं झालं नाही, कारण अभ्यासाचा पाठपुरावा करणारा माणूस दोन वर्षांनी त्याच खुर्चीत होता.

सहमती तुटते तेव्हा

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध राष्ट्रकुलाने पहिलं ठोस पाऊल १९७७ मध्ये खेळाच्या मैदानावर टाकलं. स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्स इथे ठरलं की आपापल्या खेळाडूंना तिथल्या संघांशी खेळण्यापासून परावृत्त करायचं. भारताला हे नवं नव्हतं. १९७४ मध्ये आपण डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचलो होतो आणि समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून तो सामनाच सोडून दिला होता.

आर्थिक निर्बंधांवर मात्र थॅचर अडून बसल्या. १९८५ मध्ये बहामाजच्या नॅसॉ शहरातल्या परिषदेने मधला मार्ग म्हणून सात नामवंतांचा गट दक्षिण आफ्रिकेला पाठवायचं ठरवलं. नायजेरियाचे ओबासांजो आणि ऑस्ट्रेलियाचे फ्रेझर सहअध्यक्ष, भारताचे स्वर्णसिंग सदस्य, आणि बार्बाडोसच्या नीटा बॅरो ही एकमेव महिला. मे १९८६ मध्ये या गटाने पोल्समूर तुरुंगात नेल्सन मंडेलांची भेट घेतली. सरकारने मंडेलांना सोडावं, त्यांच्या संघटनेवरची बंदी उठवावी, वस्त्यांमधून सैन्य काढावं, आणि दुसऱ्या बाजूने हिंसा थांबवून बोलणी सुरू करावीत, असा आराखडा गटाने मांडला. मंडेलांचा प्रतिसाद अनुकूल होता. आणि १९ मे रोजी, गट केपटाउनमध्ये मंत्र्यांशी बोलत असतानाच, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने हरारे, लुसाका आणि गॅबरोनी या राष्ट्रकुलातल्या तीन राजधान्यांवर हल्ले केले. मोहीम तिथेच संपली.

त्या उन्हाळ्यात एडिनबरोच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांवर भारतासह ३२ देशांनी बहिष्कार टाकला. ऑगस्टमध्ये सात पंतप्रधान-राष्ट्रपती लंडनला जमले, राजीव गांधी त्यांत होते. सहा जण निर्बंधांच्या बाजूने आणि थॅचर एकट्या विरोधात. रामफल यांनी इथे सहमतीचा जुना नियम बाजूला ठेवू दिला. सहा जणांनी आपले निर्बंध जाहीर केले आणि ब्रिटनचं वेगळं मत निवेदनात वेगळं छापलं गेलं. यजमान देशाच्या पंतप्रधानांना त्यांच्याच राजधानीत एकटं पाडणारा सरचिटणीस ब्रिटिश वृत्तपत्रांच्या टीकेचा धनी झाला, ते साहजिकच. पण सगळ्यांना चालेल असं वाक्य शोधताना मूळ मुद्दाच हरवणार असेल तर शोध थांबवायला हवा, हा त्यांचा निर्णय मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो. फेब्रुवारी १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष द क्लर्क यांनी बंदी उठवली, मंडेला सुटले, आणि पुढच्या घटनाक्रमात त्या सात जणांच्या आराखड्याची ओळख पटते. चार महिन्यांनी रामफल यांची तिसरी मुदत संपली. त्यांच्यानंतर नायजेरियाचे एमेका अन्याओकू आले.

बाकीच्या पदांची यादी लांबलचक आहे, ती पटकन सांगतो. ब्रँट, पाल्मे, ब्रुंटलांड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अनुक्रमे विकास, निःशस्त्रीकरण आणि पर्यावरण या विषयांवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगांचे ते सदस्य होते. न्येरेरे अध्यक्ष आणि मनमोहन सिंग महासचिव असलेल्या, विकसनशील देशांच्या ‘साउथ कमिशन’वरही ते होते. जागतिक व्यवस्थेवरच्या आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी स्वीडनच्या इंग्वार कार्लसन यांच्याबरोबर सांभाळलं. नंतर कॅरिबियन देशांचे व्यापारी वाटाघाटींमधले मुख्य प्रतिनिधी आणि बेलीझ-ग्वाटेमाला सीमावादातले एक मध्यस्थ. भारताने त्यांना २००३ चा प्रवासी भारतीय सन्मान दिला.

एक नोंद टाळून ही कारकीर्द सांगणं मला पटत नाही. ते गयानाचे पंतप्रधान फोर्ब्स बर्नहॅम यांच्या ज्या सरकारात मंत्री होते, त्या सरकारने १९६८ आणि १९७३ च्या निवडणुकांत उघड गैरप्रकार केले. १९७३ मध्ये तर मतपेट्या लष्कराच्या ताब्यात होत्या. जगभर बहुमताच्या राज्यासाठी भांडणारा माणूस त्याच वेळी घरच्या मंत्रिमंडळात कायदा आणि परराष्ट्र खातं सांभाळत होता. त्यांचे गयानातले टीकाकार हे कधी विसरले नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेर केलेल्या कामाने घरातला हा हिशेब फिटत नाही.

जिनेव्हातलं एक कलम

गयानाच्या जवळपास दोन तृतीयांश भूभागावर, म्हणजे एसेक्विबोवर, व्हेनेझुएला हक्क सांगतो. १८९९ च्या लवादाने तो ब्रिटिश गयानाला दिला होता. १९६२ मध्ये, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना, व्हेनेझुएलाने तो निवाडाच अमान्य केला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी जिनेव्हात ब्रिटन आणि व्हेनेझुएलाने करार केला. स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते. गयानाच्या बाजूने बर्नहॅम यांच्यासोबत सदतीस वर्षांचे ॲटर्नी जनरल रामफल होते.

करारातलं चौथं कलम पाहण्यासारखं आहे. आधी दोन्ही बाजूंचा संयुक्त आयोग. तोडगा निघाला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ३३ मधला एखादा मार्ग निवडायचा. मार्गावरही एकमत झालं नाही तर निवड संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे. कलम ३३ मध्ये वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद यांच्याबरोबर न्यायालयीन निवाडाही आहे. करारात ‘न्यायालय’ हा शब्द ठळकपणे कुठेच नाही, पण तिथे जाणारं दार मात्र ठेवलेलं आहे.

पन्नास वर्षं तोडग्याविना गेली. २०१५ मध्ये गयानाच्या समुद्रात मोठा तेलसाठा सापडला आणि तणाव वाढला. जानेवारी २०१८ मध्ये सरचिटणीस गुटेरेस यांनी त्याच कलमाच्या आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा मार्ग निवडला. आमच्या संमतीशिवाय न्यायालयाला अधिकारच नाही, ही व्हेनेझुएलाची भूमिका. ३० जून २०२० रोजी, कोविडमुळे व्हिडिओवरून, सुनावणी झाली. गयानाच्या बाजूने बोलणाऱ्यांत ९१ वर्षांचे रामफल होते. १८ डिसेंबर २०२० ला न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की अधिकार आहे, आणि त्याचा आधार म्हणून जिनेव्हा कराराच्या चौथ्या कलमाकडेच बोट दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएला एसेक्विबोवर सार्वमत घेणार होता, तेव्हा निकाल लागेपर्यंत तिथली सध्याची स्थिती बदलेल असं काहीही करू नका, असा आदेशही न्यायालयाने त्याला दिला.

रामफल ३० ऑगस्ट २०२४ रोजी, ९५ व्या वर्षी, बार्बाडोसमध्ये वारले. मूळ दाव्याचा निकाल तोवर लागलेला नव्हता.